उमेळ्याचं मागचं दार

सेफ्टी डोअर करून घ्यायला आमच्या दुकानात आलेला माणूस तोंडाने चोराचं नाव घेतो. पण त्याच्या मनात बहुतेक वेळा चोर नसतो. ओळखीचा एखादा चेहरा असतो. समोरच्या फ्लॅटमधला, सख्खा भाऊ, जावई, कामाला येणारी बाई, सोसायटीचा सेक्रेटरी. तुळिंजला लोखंड कापण्यात आणि जोडण्यात माझं उभं आयुष्य गेलं. आता दुकान जावई बघतो. पण गिऱ्हाईक पायरी चढलं की हा कोणाला घाबरून आलाय, हे अजूनही मी आधी शोधतो. खोड आहे. बायको म्हणते, तुम्ही भाजीवाल्याकडेसुद्धा तसेच बघता.

ज्यांचा या धंद्याशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सेफ्टी डोअर म्हणजे घराच्या लाकडी दाराच्या बाहेर बसवलेलं दुसरं, जाळीचं दार. बेल वाजली की आतलं दार उघडायचं, बाहेरचं बंद ठेवायचं, आणि जाळीतून माणूस पारखायचा. एवढीच त्याची युक्ती. लोकांना वाटतं लोखंड जितकं जाड तितकं दार चांगलं. तसं नसतं. मजबुती चौकटीत असते, बिजागरीत असते, आणि कडी कुठल्या बाजूला आहे त्यात असते. या शेवटच्या गोष्टीवरून मी माणसं ओळखायला शिकलो.

मनवेलपाड्यात एक निवृत्त गृहस्थ होते. एकटेच राहायचे. त्यांनी माझ्याकडून इतकं भक्कम दार करून घेतलं की लावताना आम्हा तिघांना घाम फुटला. वर दोन, खाली दोन, असे आतून बोल्ट. पुढे एके दुपारी ते न्हाणीघरात पाय घसरून पडले. हाका मारत होते, शेजारी बाहेर जमले होते, आणि दार काही हलेना. शेवटी मलाच बोलावलं. मीच केलेलं दार मी ग्राइंडरने कापत होतो आणि आतून ते विव्हळत होते, "परब, लवकर करा हो, लवकर करा." चोराला जेवढा वेळ लागला असता तेवढाच मला लागला. त्या दिवसापासून, तुम्ही आत पडलात तर तुमच्यापर्यंत कोण आणि कसं पोचणार, हे मी प्रत्येकाला विचारायला लागलो. बरेच जण चिडायचे. अशुभ बोलतो म्हणून एक जण ॲडव्हान्स परत घेऊन गेला.

दुसरी एक गोष्ट सांगण्यासारखी. आमच्या दुकानापासून जवळच्याच एका बिल्डिंगमधल्या नव्या सुनेने झोपायच्या खोलीच्या दाराला आतून कडी लावून घेतली. मी काही विचारलं नाही, तिनेही काही सांगितलं नाही. पुढच्याच आठवड्यात नवरा दुकानात आला. कडी अडकते, काढून टाका म्हणाला. मी गेलो. कडी लोण्यासारखी सरकत होती. तो माझ्या शेजारी उभा, ती त्याच्या पाठीमागे. तिने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. मी पेचकस लावला, जोर केल्यासारखं केलं आणि म्हटलं, "स्क्रू गंजून चौकटीत बसलेत. काढायचे तर अख्खी चौकट फोडावी लागेल." नव्याकोऱ्या कडीचे स्क्रू! तो तोंडात काहीतरी पुटपुटला, पण चौकट फोडायला तयार झाला नाही. त्या खोट्याचा मला अजूनही अभिमान आहे.

पण लिहायचं आहे ते वसईजवळच्या उमेळ्याच्या ब्रिजिट टीचरबद्दल.

नेल्सन नावाचा एक माणूस दुकानात आला. पन्नाशीच्या आतला, मुंबईत ऑफिसला जाणारा, वसई रोडला फ्लॅटमध्ये राहणारा. त्याची आत्या उमेळ्याला माडाफुलांच्या वाडीतल्या जुन्या घरात एकटी राहत होती. लग्न केलेलं नव्हतं, शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली. त्याचं म्हणणं असं, की गेले काही दिवस सकाळी घराचं मागचं दार उघडं सापडतं. कोणीतरी घरात येतं. त्याचा संशय कामाला येणाऱ्या सुनंदावर होता.

"आंटी भोळी आहे," तो म्हणाला. "ती बाई आतून कडी काढून ठेवत असणार. तुम्ही असं करा, मागचं दार पत्रा मारून कायमचं वेल्ड करून टाका. आणि पुढच्या दाराला सेफ्टी डोअर. त्याची कडी बाहेरून."

"बाहेरून?"

"मी संध्याकाळी येताना कुलूप लावीन, सकाळी जाताना काढीन. चावी माझ्याकडे राहील."

"आणि आत त्या एकट्या? शॉर्टसर्किट झालं, काही झालं तर?"

"काही होत नाही हो."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो पायरीवर जाऊन बोलला, पण माझे कान तिकडेच. "हो, हो," तो म्हणत होता, "आधी आंटीचं सेट होऊ दे, मग बघू."

सेट म्हणजे काय? उमेळ्याला आता वाड्यांपेक्षा बिल्डिंगी जास्त दिसतात, आणि मधे उरलेल्या प्रत्येक वाडीवर कोणाचा ना कोणाचा डोळा असतो. म्हातारी, एकटी, मोक्याची जमीन, भाचा, आणि बाहेरून कडी. मी मनात हिशोब मांडून मोकळा झालो. काम घेतो म्हटलं, पण आधी माप घ्यायला जाईन, आणि एकटाच जाईन.

दुसऱ्या दिवशी सकाळी उमेळ्याला पोचलो. फाटकातून आत गेलो, टेप काढली आणि पुढच्या ओटीची चौकट मोजायला लागलो. आतून आवाज आला, "कोणाच्या बिल्डिंगसाठी मोजताय?"

दारात एक उंच, किडकिडीत बाई उभ्या होत्या. फुलाफुलांचा झगा, पांढरे केस आखडून बांधलेले, हातात माडाच्या हिराची केरसुणी. ती केरसुणी केर काढायला धरलेली नव्हती.

"बिल्डिंग नाही टीचर. सेफ्टी डोअर. नेल्सननी पाठवलंय."

"सगळे असंच सांगतात. गेल्या वेळी एकजण लाइटचं मीटर बघायला आलो म्हणून सांगून कुंपण मोजून गेला."

मी दुकानाचं कार्ड दाखवलं. ते त्यांनी उजेडात धरून दोन्ही बाजूंनी वाचलं, नेल्सनला फोन लावून खात्री केली, आणि मगच मला ओटीवर बसवलं. पण केरसुणी काही खाली ठेवली नाही.

"काय करता तुम्ही नक्की?"

मी माझं नेहमीचं सांगितलं. जाळीचं दार, मजबूत चौकट, परका माणूस बाहेरच्या बाहेर.

"म्हणजे फेंड ऑफ," त्या म्हणाल्या. निवृत्त होऊन वर्षं झाली तरी फळ्यासमोरचा आवाज गेला नव्हता. "इंग्रजीत हा एक गमतीचा शब्द आहे, मिस्त्री. डिफेंड माहीत असेल तुम्हाला, रक्षण करणं. त्याचंच डोकं उडवून झालेला हा लहान शब्द, फेंड. त्याच्यापुढे ऑफ लावलं की अर्थ होतो समोरच्याला परतवून लावणं, अंगावर येऊ न देणं. आणि फॉर लावलं, फेंड फॉर वनसेल्फ, की अर्थ होतो आपलं आपण निभावणं. कोणावर न विसंबता जगणं. पोरं नेहमी गोंधळायची. एकाने पेपरात लिहिलं होतं, 'माझी आजी स्वतःला परतवून लावते.'"

त्या हसल्या. मीही हसलो.

"तुम्ही पहिल्या अर्थाचं दुकान काढलंय," त्या म्हणाल्या. "मी जन्मभर दुसऱ्या अर्थावर जगले. भाऊ म्हणाला लग्न कर, नाही केलं. घर विक म्हणाले, नाही विकलं. आता नेल्सनला वाटतं मला जमत नाही. तुम्हाला काय सांगितलंय त्याने? खरं सांगा."

गिऱ्हाइकाचं गिऱ्हाइकाला सांगू नये, हा आमच्या धंद्याचा नियम. पण मी सांगून टाकलं. बाहेरून कडी म्हटल्यावर त्यांचा चेहरा बदलला.

"बाहेरून कडी गोठ्याला असते," त्या हळूच म्हणाल्या.

मग त्यांनी आपला संशय सांगितला. त्यांना वाटत होतं नेल्सनकडेच मागच्या दाराची काहीतरी युक्ती आहे. तोच येऊन दार उघडं टाकून जातो, म्हणजे त्या घाबरून घर सोडतील. तिकडे सुनंदा स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभी राहिली होती. ही जवळच्याच भातशेतीवाल्या पाड्यावरची, कुंपणापलीकडे राहणारी, कितीतरी वर्षं या घरात येणारी. ती माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "माज्यावर नाव घालतो ना तो? मला ठाव हाय. आता तो असला की मी या घरातलं पानी पन पीत नाय."

म्हणजे भाच्याचा संशय सुनंदावर, टीचरचा भाच्यावर, सुनंदाचाही भाच्यावर, टीचरचा माझ्यावर, आणि माझा, खरं सांगायचं तर, सगळ्यांवर. टीचरचा एवढा ठाम आवाज ऐकून, यांना बरोबर माहितीय आणि या लपवतायत, असंही मला एक क्षण वाटून गेलं.

"मला मागचं दार दाखवा," मी म्हटलं.

मागचं दार जुन्या सागाचं. पावसाने फुगलेलं, बिजागरीत खचून एका अंगाला बसलेलं. आतून एकच लोखंडी बोल्ट. मी आधी बाहेरच्या बाजूने बघितलं. पहार घातल्याची खूण नाही, लाकूड सोललेलं नाही, फटीत तार घालावी इतकीही जागा नाही. मग आतून बोल्ट ओढला. हलेना. दोन्ही हातांनी ओढला. दार खचल्यामुळे बोल्ट भोकात आवळून बसला होता. मी इतकी दारं उघडली, पण हे मला उघडेना. मागे वळून मी म्हटलं, "टीचर, हे बाहेरून कोणी उघडलेलं नाही. आणि आतूनही, ज्याला माहीत नाही त्याला उघडता येणार नाही."

"अहो, तसं नाही," टीचर म्हणाल्या. "व्हा बाजूला."

त्या पुढे आल्या. उजवा गुडघा दाराच्या आडव्या पट्टीखाली टेकवला, पान किंचित वर उचललं, आणि त्याच वेळी दोन बोटांनी बोल्ट मागे सारला. दार आवाज न करता उघडलं. बाहेर वाडी, मोगऱ्याची रांग, आणि रांगेच्या टोकाला बावखल. आमच्याकडे वाडीत पाणी साठवायला खोदलेल्या तळ्याला बावखल म्हणतात. काठोकाठ भरलेलं होतं.

त्या तशाच उभ्या राहिल्या. हात बोल्टवर, गुडघा वाकवलेला.

"सुनंदा," त्या बाहेर बघतच म्हणाल्या, "तुला येतं हे दार उघडायला?"

"नाय बाय. मी पुढच्याच दारानं येते-जाते. हे तर मला हलत बी नाय."

"नेल्सनला?"

"त्याला कुटून येईल?"

टीचर स्वयंपाकघरात आल्या. टेबलावर काचेच्या वाडग्यात मोगऱ्याच्या कळ्या होत्या. त्या सांगत गेल्या, की लहानपणी आईबरोबर रोज पहाटे त्या कळ्या तोडायच्या. उजाडायच्या आत तोडल्या तरच बाजारात किंमत यायची. हल्ली कळ्या सुनंदा तोडून आणते.

"तूच आणतेस ना गं?"

सुनंदा बघतच राहिली. "मी कश्याला तोडू? मी येते तवा वाडगा भरलेलाच असतो. मला वाटलं तुमीच उठून तोडता, म्हनून मी काय बोलले नाय."

मला माझी टेप गुंडाळायचीही लाज वाटत होती. टीचर खुर्चीवर बसल्या. केरसुणी त्यांनी शेवटी खाली ठेवली. वाडग्यातली एक कळी उचलली, परत ठेवली.

"मला आठवत नाही," त्या म्हणाल्या. "मिस्त्री, मला खरोखर काहीच आठवत नाही. मी अंधारात त्या पाण्याच्या काठाने चालत असते आणि मला ठाऊक नसतं."

सुनंदाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी तो झटकला नाही.

"म्हणजे आता मला मलाच परतवून लावायचंय," त्या म्हणाल्या, आणि तोंड फिरवून खिडकीकडे बघत राहिल्या. पेपरात तसं लिहिणाऱ्या पोराला त्यांनी मार्क दिले होते की नाही, ते विचारायची ती वेळ नव्हती.

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला पळून जावंसं वाटत होतं. हे नेल्सनला कळताच त्याची बाहेरची कडी आता अगदी शहाणपणाची ठरणार होती. कोणत्याही डॉक्टरने, कोणत्याही नातेवाईकाने तेच सांगितलं असतं. मी म्हटलं, "टीचर, मी काही बोलणार नाही. दार वेल्ड करता येत नाही असं सांगतो." गंजलेल्या स्क्रूसारखं आणखी एक खोटं मी तयार ठेवलं होतं.

"नको," त्या म्हणाल्या. "खोटं नको. पाणी खरं आहे."

त्यांनी स्वतः फोन करून नेल्सनला त्या रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर बोलावून घेतलं. मलाही यायला सांगितलं, सुनंदालाही. आम्ही चौघं ओटीवर बसलो. नेल्सन घड्याळाकडे बघत होता, सुनंदा खांबाला टेकून त्याच्याकडे पाठ करून. टीचरनी जे झालं ते सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता. मग म्हणाल्या, "नेल्सन, मी तुझ्यावर संशय घेतला. तू सुनंदावर घेतलास. सुनंदा, तुझी मी माफी मागते. याने मागायची की नाही ते याचं हा बघेल."

नेल्सनने घड्याळावरची नजर काढली. मग सुनंदाकडे न बघता म्हणाला, "सॉरी." सुनंदाने "हूं" केलं. त्याहून जास्त तिच्याकडून मिळणार नव्हतं.

"पण आंटी, मग तर बाहेरून लॉक हवंच," तो म्हणाला. "तू पाण्यात गेलीस म्हणजे? लोक मला काय म्हणतील?"

"लोकांचं तू बघ. दार आतून माझ्या हाताने उघडलं पाहिजे. ते नसेल तर मी या घरात राहत नाही, असं समज. बाकी काय करायचं ते या मिस्त्रींना विचार. धंदा त्यांचा आहे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी आयुष्यभर माणसांना अडवायची साधनं केली होती, आणि इथे अडवायचं तर होतं, पण माणसाला नाही. मी उठून वाडीत गेलो. बावखलाला एक फेरी मारली. परत येऊन सांगितलं, दाराला हात लावायचा नाही. बावखलाभोवती कंबरेइतकी ग्रील घालायची, आणि तिच्या फाटकालाच कुलूप. मागच्या दाराला चुंबकाची बेल बसवायची, म्हणजे दार उघडलं की एक घंटी कुंपणापलीकडे सुनंदाच्या घरात वाजेल आणि नेल्सनच्या फोनवरही.

"सुनंदाच्या घरी कशाला?" नेल्सनने लगेच विचारलं.

"कारण ती जवळ आहे," टीचर म्हणाल्या. "तू वसई रोडवरून येईपर्यंत मी न्हाऊन निघेन."

त्याला ते पटलं नाही, पण तो हो म्हणाला. त्याचं ते "आधी आंटीचं सेट होऊ दे" माझ्या डोक्यातून जात नव्हतं. निघताना मी त्याला फाटकापाशी गाठलं आणि सरळ विचारलं. त्याने हेल्मेट चढवलं. "तुम्ही दारं बनवता ना?" म्हणाला, आणि स्कूटर चालू करून निघून गेला. तो फोन बिल्डरचा होता, ऑफिसचा होता की त्याच्या घरचा, मला कळलं नाही. आजही कळलेलं नाही.

ग्रील आम्ही तिथेच बसून जोडली. माझी माणसं हसत होती, काका, पाण्याला ग्रील? टीचर रोज येऊन सळ्यांमधलं अंतर बघायच्या आणि शंका काढायच्या. बेल बसवली त्या दिवशी त्यांनी दार इतक्या वेळा उघडून बघितलं, की सुनंदाच्या घरातून कोणीतरी ओरडलं.

त्यानंतर बरेच दिवस काही झालं नाही. मला वाटलं बेल बिघडली असणार. मग ग्रीलला रंगाचा दुसरा हात मारायला मी स्वतःच गेलो. सुनंदा चहा घेऊन आली, आणि मी न विचारताच उभ्या उभ्या सांगायला लागली.

आदल्या दिवशी पहाटे घंटी वाजली होती. ती तशीच अनवाणी धावली. बघते तर टीचर मोगऱ्याच्या रांगेत, झग्याचा ओचा करून कळ्या तोडतायत. डोळे उघडे, पण नजर भलतीकडेच. "हाक मारू का नको, मला काय सुचेना. झोपेतल्या मानसाला हाक मारू नये म्हनतात. मी तशीच उभी, तवर स्कूटर घेऊन हा आला."

"कोण, नेल्सन?"

"हां. बनियनवर आला, केस सगळे उभे. मला वाटलं आता हात धरून ओढील. मी मधेच उभी ऱ्हायले. तो माज्याकडं बघतो, मी त्याच्याकडं. मग तो हळूच रांगेच्या त्या टोकाला गेला, पान्याच्या बाजूला, तुमच्या ग्रीलला टेकून उभा ऱ्हायला. मी या टोकाला."

उजाडेपर्यंत दोघं तसेच उभे होते. टीचर तोडत होत्या. मग पाखरं ओरडायला लागली आणि टीचरनी मान वर केली. आधी सुनंदाकडे बघितलं, मग भाच्याकडे, मग आपल्या ओच्याकडे.

"मग?"

"मग काय. बाय म्हनाल्या, 'इतक्या सकाळी दोघं कशाला आलात?' तो म्हनाला, 'मदतीला, आंटी.' तर बाय काय म्हनाल्या ठाव हाय?" सुनंदाने रिकामा कप माझ्या हातातून घेतला. "म्हनाल्या, 'मग हात बांधून उभे काय राहिलात? ऊन वर यायच्या आत तोडा.'"